बिनकुलपाची रांग

६ सप्टेंबर २०२३

प्रिय राखी,
सप्रेम जयभीम.

फोन न करता पत्र लिहीत आहे, कारण आमच्या घरात मी फोन कानाला लावला की आई भाजी चिरायची थांबते. तुझ्या हैदराबादच्या खोलीतही चौघीजणी. मेलमध्ये निदान मध्येच कोणी "कोनाचा फोन होय?" असं विचारत नाही.

एमसीए होऊन वर्ष झालं आणि मी अजून गावातच आहे, हे तुला माहीत आहे. नागपूरच्या मुलाखतींत दोनदा एकाच प्रश्नावर आपटले. एकाच वेळी अनेक कामं चालतील असा प्रोग्राम कधी लिहिलाय का? नाही लिहिला. म्हणून यंदा हट्टानं शिकायला बसले आणि एक रांग लिहिली. साधी नाही, लॉक-फ्री. तू कंपनीत टेस्टिंग करतेस, तुला शिकवायची गरज नाही, पण मला कोणाला तरी सांगायचंच आहे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, जेवून घे.

साध्या रांगेला एक कुलूप असतं. ज्याच्या हातात चावी तो आत जाऊन आपलं नाव लावतो, बाकीचे बाहेर थांबतात. चावीवाल्याला मध्येच डुलकी लागली तर सगळे ताटकळतात. माझ्या रांगेला कुलूपच नाही. सगळे एकदम येतात. जो तो शेवटी कोण आहे ते बघतो, आणि नाव लावायच्या क्षणी अजून तोच शेवटी असला तर त्याच्यामागे उभा राहतो. तेवढ्यात दुसरं कोणी घुसलं असेल तर पुन्हा बघायचं. कोणी कोणाला अडवत नाही. पहिल्यांदा चाललं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते.

आता खरी बातमी. ही रांग गावात सुरू झाली आहे. ऑगस्टभर पाऊस फिरकला नाही, धानाला आता तलावाचंच पाणी. पाणीवाटप समितीनं ठरवलं की यंदा पाळी मोबाईलवर लावायची, आणि सचिव चुन्नीलालभाऊ स्वतः आमच्या घरी आले. आजवर कसं होतं ते तुला सांगायला नको. तलावाचं पाणी सोडायच्या तुडुमाची चावी तुझ्या बाबांकडे, म्हणून पाणी हवं असलेल्या सगळ्यांनी पहाटे तुमच्या अंगणात जायचं. तुमचे लोक आत बाजेवर, आमच्या मोहल्ल्याचे फाटकाबाहेर. काकाजी एकेकाचं नाव ऐकायचे आणि पाळी ठरवायचे. आता सकाळी नोंदणी उघडते, जो तो आपल्या घरून बटन दाबतो, यादी तयार होऊन काकाजींच्या फोनवर जाते आणि ते त्याप्रमाणे तुडूम उघडतात. काकाजींनी वाद घातला नाही. "पोरगी करून राहिली त करू द्या," एवढंच म्हणाले.

एवढ्याशा गावाला एवढी मोठी रांग कशाला, असं तू म्हणशील. साध्या रांगेनंही भागलं असतं, मला कळतं. पण माझी आई परवा चहा पीत पीत बसल्या जागी पाण्याची पाळी लावून मोकळी झाली. ते बघायला तू हवी होतीस.

तुझी,
रीना


१० सप्टेंबर २०२३

प्रिय रीना,
सप्रेम नमस्कार.

बाई, तू तर गाजवलंस. पत्र मी कॅन्टीनमध्ये वाचलं आणि समोरच्या मुलीला जबरदस्तीनं ऐकवलं. तिला मराठी येत नाही, तरी ऐकावं लागलं तिला.

आता टेस्टिंगवालीचा हट्ट. तू हे तपासलंस कशावर? तुझ्या त्या जुन्या लॅपटॉपवर? ज्याला उन्हाळ्यात ओल्या फडक्यावर ठेवावं लागतं? अगं, अशा रांगेतल्या चुका हळू मशीनवर दिसतच नाहीत. सगळे एकमेकांवर आदळले पाहिजेत, तेव्हा त्या बाहेर पडतात. मला कोड पाठव, आमच्याकडच्या मोठ्या मशीनवर दमवून बघते. आणि तोवर माझं ऐक, गावापुरतं कुलूप लावून टाक. कुलपाची रांग हळू असते पण नाव हरवत नाही. तुझी ती शानदार रांग मुलाखतीत दाखव.

बाबा फोनवर म्हणाले की चांगलं झालं, सकाळची कटकट गेली. पण आई सांगत होती की पहाटे उठून अजूनही अंगणातच बसतात. येता-जाता एक चक्कर मार. तुझ्या हातचा चहा त्यांना आवडतो असं नाही, पण निदान कोणाशी तरी कुरकुर करतील.

तुझी,
राखी


१९ सप्टेंबर २०२३

राखी,

कोड सोबत जोडला आहे. दमव किती दमवायचा तो.

पण "कुलूप लावून टाक" हे तू किती सहज लिहिलंस. तुमच्या घरात चावी होती ना, म्हणून कुलपाचं काही वाटत नाही तुम्हाला. माझी आई त्या फाटकाबाहेर उभी राहायची तेव्हा आत कोणी तिला "या, बसा" म्हटलेलं मला आठवत नाही. काकाजी वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण एकाच्या हातात चावी असली की बाकीच्यांनी उभं राहायचं, हे मला आता पुन्हा नको आहे. प्रोग्राममध्येसुद्धा नको. तू म्हणशील मी कुठलं कुठे नेलं. नेलं तर नेलं.

आणि रांग छान चालली आहे. परवाच्या सभेत सगळ्यांनी वाखाणलं. एक गंमतही झाली. आमच्या मोहल्ल्यातली रुख्माआजी, ती एकटी राहते, तिच्या धानाच्या बांध्या पार शेवटी आहेत, ती सभेत उभी राहिली आणि म्हणाली की मी बटन दाबलं, नोंद झाली असं आलं, पण माझी पाळी आलीच नाही. शेजारच्या पोरीच्या फोनवरून दाबलं म्हणे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आजी, तुमी बटन दाबलंच नसन. फोन उलटा त नोता धरला?" सगळी सभा हसली. आजी काहीतरी पुटपुटत खाली बसली. म्हाताऱ्या माणसांना मोबाईलची सवय व्हायला वेळ लागणारच.

काकाजींकडे जायला जमलं नाही.

रीना


२४ सप्टेंबर २०२३

प्रिय रीना,

तुझं पत्र वाचलं. मी कुलूप म्हटलं ते फक्त प्रोग्राममधलं. पण तुला ते तसं का ऐकू आलं, ते मला कळलं. त्यावर मी वाद घालणार नाही.

आज मात्र दुसऱ्याच कामासाठी लिहितेय. नीट वाच.

तुझी रांग मी आमच्या मशीनवर चालवली. बराच वेळ सगळं बरोबर. मग एक नाव गेलं. पुन्हा चालवली, पुन्हा गेलं. क्वचित जातं, पण जातं. आणि ज्याचं जातं त्याला "नोंद झाली" असाच निरोप मिळतो.

कारण सापडलं. आपण सरकारी दवाखान्यात चपला ठेवून रांगेत जागा धरतो ना, तसं समज. तू बघितलंस की शेवटी निळी चप्पल आहे, तिच्यामागे आपली ठेवायची. पिशवी उचलायला वळलीस. तेवढ्यात निळ्या चपलेवाल्याचं काम झालं, तो गेला, आणि जाताना ती चप्पल दुसऱ्याच कोणाला देऊन गेला. त्यानं ती भलतीकडे ठेवली. तू वळलीस, निळी चप्पल दिसली, तिच्यामागे आपली ठेवलीस. तुला वाटतंय आपण रांगेत आहोत, पण रांग तिथे नाहीच. तू जागा वाचवायला रिकाम्या झालेल्या नोंदी पुन्हा वापरतेस. नाव सुटतं ते तिथेच. चप्पल तीच असली तरी माणूस बदललाय का, हे तुझी रांग विचारत नाही.

ही चूक भल्याभल्यांकडून होते, पुस्तकांत हिला नावही आहे, त्यामुळे तुला कमीपणा नाही. पण ती रांग आत्ताच्या आत्ता थांबव आणि कुलपाची लाव. सकाळी नोंदणी उघडल्याबरोबर गाव एकदम बटन दाबत असेल, म्हणजे आदळाआदळ होणारच.

आणि रीना, त्या रुख्माआजीला तिची पाळी मिळाली का?

तुझी,
राखी


१२ ऑक्टोबर २०२३

रीना,

माझं मागचं पत्र पोचलं का? फोनही उचलत नाहीस. रागावली असशील तर रागव, पण रांग बदललीस एवढं तरी कळव.

दुसरं, घरी काय चाललंय तुला काही माहीत आहे का? बाबा फोनवर येतच नाहीत. आई म्हणते की झोपलेत. दुपारी झोपणारा माणूस नाही तो. आई काहीतरी लपवते आहे. तू गावात आहेस, तुला कळलं असेलच.

राखी


१५ ऑक्टोबर २०२३

प्रिय राखी,

पत्र पोचलं होतं. नागपूरच्या एका कंपनीनं बोलावलं आहे, त्या तयारीत लिहायचं राहून गेलं. रांग मी तेव्हाच बदलली, आता कुलपाचीच आहे आणि नीट चालते. काळजी करू नकोस.

काकाजींची भेट नाही. बरे असतील. कापणीची धांदल सुरू होईल आता.

रीना


२९ ऑक्टोबर २०२३

रीना,

आईनं काल रडत रडत सांगितलं. महिना होत आला म्हणे. बाबांनी यादीत नसताना त्या रुख्माबाईसाठी तुडूम उघडलं, आणि समितीनं सभा घेऊन त्यांच्याकडून चावी काढून घेतली. तेव्हापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत. पानठेल्यावर कोणीतरी म्हणालं की म्हाताऱ्याची मालकी सुटत नाही. तेही त्यांच्या कानावर गेलं.

तू त्या सभेत होतीस, असं आई म्हणाली. आणि मला लिहिलंस की भेट नाही.

मी लांबलचक काही लिहीत नाही. मला एकच सांग. रुख्माबाईंची नोंद खरंच हरवली होती का?

राखी


३ नोव्हेंबर २०२३

राखी,

हो.

तुझं चपलेचं पत्र आलं त्याच दिवशी मी वाचलं. मशीनवर बघितलं तर त्या सकाळी शेजारच्या पोरीच्या फोनवरून मागणी आली होती, आपल्याकडून "नोंद झाली" असा निरोपही गेला होता, आणि नाव रांगेतून कधी बाहेरच आलं नव्हतं. रुख्माआजी शब्दन्‌शब्द खरं बोलली होती. मी त्याच दुपारी ती रांग काढली आणि कुलपाची लावली. कोणाला सांगितलं नाही. वाटलं की पुढे कोणाचं नाव जाणार नाही, झालं ते झालं.

पण झालेलं संपलं नव्हतं. आजीचा धान निसवायला आला होता आणि बांध्यांना भेगा पडल्या होत्या. सभेत हसं झाल्यावर ती समितीकडे गेलीच नाही. तुझ्या बाबांकडे गेली. काकाजींनी ऐकून घेतलं, चावी उचलली आणि तुडूम उघडलं. त्या दिवशी पाळी चुन्नीलालभाऊंची होती. पाणी आजीच्या वरच्या बांधीत शिरतं न शिरतं तोच समितीच्या पोरांनी ते बंद केलं. खालच्या बांध्या कोरड्याच राहिल्या. आता तिथे लोंब्या उभ्या आहेत, पण दाबून पाहिलं तर आत दाणा नाही. सगळं पोचट.

मग ती सभा झाली. तू विचारलंस म्हणून सगळं लिहिते. काकाजींना विचारलं की यादी सोडून पाणी काऊन सोडलं. ते म्हणाले, "हे बाई खोटी बोलत नाही. इतके वर्स माह्या दारी आली. पानी भेटलं त ठीक, नाई भेटलं त ठीक, पन लबाडी नाई केली." कोणीतरी मागून म्हणालं की चावीची सवय आहे, जाणार कशी. मग चुन्नीलालभाऊ माझ्याकडे वळले. म्हणाले, "रीना, तूच सांग. यादीत हिचं नाव होतं का?"

मी म्हटलं, "यादीत नव्हतं."

राखी, हे वाक्य खरं आहे. म्हणूनच बोलायला सोपं गेलं. मी खोटं बोलले नाही असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते, आणि तुझ्या बाबांनी खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली तेव्हाचं त्यांचं तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. आजीनं मात्र पाहिलं.

का गप्प बसले तेही सांगते, सफाई म्हणून नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरीनं केलेली एक गोष्ट पहिल्यांदा अख्ख्या गावानं वापरली होती. ती चुकली म्हटलं की लोक माझं नाव घेणार नाहीत, सगळ्या मोहल्ल्याचं घेतील, आणि आई पुन्हा फाटकाबाहेर उभी राहील. हे कारण मला फार मोठं वाटलं. पण त्याच्या आड आणखी एक कारण होतं, आणि ते एवढंसं होतं. मला हुशार म्हणवून घ्यायचं होतं. आमच्या मोहल्ल्यासाठी मी रांग केली आणि त्याच मोहल्ल्यातल्या सगळ्यांत गरीब बाईला भर सभेत खोटं पाडलं. तिला फाटकाच्या आत कधी न घेतलेल्या माणसानं तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. मी ठेवला नाही. शरमेनं मला आरशात बघवत नाही, राखी, हे नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही.

तुझं पत्र आल्यावर काल आजीकडे गेले. ती बांधावर बसून गवत कापत होती. मी सगळं सांगितलं, नाव कसं हरवलं ते, मला कधी कळलं ते. पाया पडायला वाकले तर तिनं पाय मागे घेतले. विळा बाजूला ठेवून म्हणाली, "मले एकटीले येऊन कायले सांगतेस? जेथ म्हनलीस तेथ सांग." आणि पुन्हा गवत कापायला लागली.

दिवाळीनंतर हंगामाची शेवटची सभा आहे. तिथे सांगायचं ठरवलं आहे. तोवर तुझ्याकडे मागण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

रीना


७ नोव्हेंबर २०२३

रीना,

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. सुरुवातीला इतका संताप आला की जे लिहिलं ते पाठवलं नाही, बरं झालं.

तू मला रांग नीट चालते म्हणून लिहिलंस तेव्हा माझे बाबा घरात तोंड लपवून बसले होते. तुला ते माहीत होतं. हे मी विसरणार नाही. तुला माफ केलं असंही मी लिहीत नाही. ते पुढे बघू.

पण आता माझं ऐक. आईनं चावी गेल्याचं सांगितलं त्याच संध्याकाळी मी बाबांना फोनवर यायला भाग पाडलं होतं. आणि काय बोलले? म्हटलं, "कायले मधात गेलात? चावी सुटत नाही का हातची?" पानठेल्यावरचा माणूस जे बोलला तेच मी बोलले. बाबा म्हणाले, "हव, नाई सुटत," आणि फोन आईच्या हातात दिला. मी त्यांची मुलगी. त्यांनी असं का केलं असेल हे विचारायचं माझ्या मनात आलं नाही. तुला प्रश्न विचारायचं सुचलं, त्यांना विचारायचं सुचलं नाही. तेव्हा तुला बोल लावायला माझंही तोंड फार मोठं नाही.

काल पुन्हा फोन केला. तुझं पत्र वाचून दाखवू का विचारलं. नको म्हणाले. म्हणाले, पोरगी सभेत बोलणार आहे ना, मग तिथेच ऐकीन. म्हणजे ते येणार आहेत. इतक्या दिवसांनी घराबाहेर पडणार आहेत. त्यामुळे तू ऐन वेळी नागपूरला मुलाखत निघाली, ताप आला, असं काही करू नकोस.

आणि सभेत "मशीनची चूक" म्हणू नकोस. लोक तुला तो रस्ता देतील. घेऊ नकोस.

राखी


२० नोव्हेंबर २०२३

प्रिय राखी,

काल सभा झाली. काकाजींनी तुला सांगितलं असेलच, पण ते दोन वाक्यांत सांगतील, म्हणून मी लिहिते.

ग्रामपंचायतीसमोर सतरंज्या टाकल्या होत्या. काकाजी आले आणि सगळ्यांत मागे बसले. रुख्माआजी बायकांत माझ्या आईशेजारी. आईला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती नुसती भांडी जोरात घासत राहिली.

मी उभी राहिले. रांग कशी चुकली ते साध्या शब्दांत सांगितलं, तुझी चप्पल वापरली. लोकांना लगेच कळलं, दोघंतिघं माना हलवून हसलेही. मग तू म्हणालीस तसंच झालं. चुन्नीलालभाऊ फार समजूतदारपणे म्हणाले की मशीन आहे, होते चूक, पोरीनं आपणहून सांगितलं हेच मोठं. दोघांनी टाळ्या वाजवायला हात उचलले. खरं सांगते, एक क्षणभर मला खाली बसावंसं वाटलं.

मी म्हटलं, मशीननं फक्त नाव हरवलं. आजीला खोटी मशीननं म्हटलं नाही, मी म्हटलं. नंतर खरं कळलं तरी गप्प बसले, तुम्ही विचारलंत तेव्हा "यादीत नव्हतं" म्हणाले आणि काकाजींची चावी जाऊ दिली. आजीच्या बांध्या वाळल्या त्या माझ्यामुळे. टाळ्यांचे हात खाली गेले. मला वाटलं होतं की सांगून टाकल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. नुसतं उघडं पडल्यासारखं वाटलं.

चुन्नीलालभाऊंना सभा लवकर मिटवायची होती. त्यांनी चावी मागवली, काकाजींकडे गेले, समितीकडून चूक झाली म्हणाले आणि चावी त्यांच्यापुढे धरली. काकाजींनी हात पुढे केला नाही. म्हणाले, "मले मंग देजा. आधी हे बाई काय म्हनते थे आयका. तिले कोनी इचारलं काय?"

कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

रुख्माआजी उभी राहिली. मला वाटलं आता पिकाचं बोलेल, किंवा मला चार शब्द सुनावेल, आणि त्याची मी तयारी केली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. पदर सारखा केला आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरीनं म्हनलं, पोरीनं सांगतलं. तिचं झालं. पन त्या दिवशी हे एकटी नोती हासली. सारे हासले. थे कोन होते, थे बी सांगा."

राखी, इतकी माणसं एकदम सतरंजीकडे बघताना मी कधी पाहिली नव्हती. कोणी घसा खाकरला, कोणी पोराला मांडीवर घेतलं. चुन्नीलालभाऊ चावी हातात धरून तसेच उभे. आजी बसेना. मी काहीतरी बोलून तिला सोडवावं असं वाटत होतं, पण मी बोलायची ती वेळ नव्हती.

मग तिच्याशेजारी माझी आई उठली. माझी आई सभेत कधी बोललेली नाही. जिच्याबरोबर वर्षानुवर्षं तुमच्या फाटकाबाहेर उभी राहिली, त्या बाईकडे तिला बघवत नव्हतं. जमिनीकडे बघत ती म्हणाली, "मी हासली होती, रुख्माबाई. माही पोरगी सभेत बोलून राहिली होती, मनून हासली."

मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी मी सगळ्या सभेकडे पाहिलं होतं, आईकडे पाहिलं नव्हतं.

मग आजीनं आईच्या दंडाला धरून तिला खाली बसवलं, स्वतः उभीच राहिली आणि पुढच्या सतरंजीवरच्या माणसांकडे वळून विचारलं, "आनखी कोन?"

रीना